आठ बाय दहाच्या खोलीतलं शास्त्र

जपानमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी लहान लहान निवासघरं असतात. एका गटात कमीत कमी पाच, जास्तीत जास्त नऊ माणसं. प्रत्येकाला आपली स्वतंत्र खोली, आणि ती निदान ७.४३ चौरस मीटरची असावी असा तिथला नियम. आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्याचा उगम साधा आहे. जपानी घरांत जमिनीवर तातामी नावाच्या गवती चटया अंथरतात आणि खोली केवढी हे चटयांवरच मोजतात. साडेचार चटयांची खोली म्हणजे ७.४३ चौरस मीटर.

आता आपल्याकडे या. २००७ साली संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याला धरून केंद्राने राज्यांना नमुना नियम दिले आणि वृद्धाश्रमातल्या निजायच्या जागेचं माप सांगितलं: माणशी साडेसात चौरस मीटर. तातामीचा इथे काही संबंध नाही. तरी दोन्ही मापं फुटांत मांडली की उत्तर जवळजवळ एकच येतं, ८० चौरस फूट. आठ बाय दहाची खोली.

ही खोली कागदावर काढून बघा. तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग दहा फुटी भिंतीला लावला. आठातून तीन गेले, राहिले पाच. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, म्हणजे पाच फुटांना फक्त इंचभर कमी. खुर्ची वळते! पलंगाच्या पायथ्याशी साडेतीन फूट भिंत उरते, तिथे लहानसं कपाट बसतं. पण हाच पलंग कुणी चार फुटी घेतला, तर खुर्ची अडते आणि तिच्यातलं माणूस दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसतं. एका फुटाने एखाद्याचं स्वातंत्र्य जातं. हे एकदा दिसलं की वृद्धाश्रमाच्या नियमावलीकडे रुक्ष सरकारी कागद म्हणून बघणं शक्यच होत नाही. तिच्यातल्या प्रत्येक आकड्यामागे म्हाताऱ्या शरीराविषयीचं काही ना काही ज्ञान दडलेलं आहे, आणि ते थक्क करणारं आहे.

हे सगळं मी सारंगखेड्याच्या संदर्भात मांडतो आहे. शहादा तालुक्यातलं हे तापीकाठचं गाव. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबतचा घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. यात्रा पांगली की गाव पुन्हा आपल्या चालीने चालू लागतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं कामासाठी सुरतेला, ऊसतोडीसाठी गुजरातेत, नोकरीसाठी नाशिक-पुण्याला गेलेली असतात. मागे आजी-आजोबा राहतात. त्यांच्यासाठी गावातलंच एखादं रिकामं घर, त्यात सहा-आठ जण, सांभाळायला गावातल्याच बायका, कानावर अहिराणी, गुजर किंवा भिली बोली, ताटात ओळखीची भाजी-भाकरी. दूरच्या शहरातल्या वृद्धाश्रमापेक्षा अशी सोय कितीतरी माणुसकीची ठरेल.

पण आपल्या कायद्याच्या डोळ्यांपुढे घर नाही, इमारत आहे. २००७च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम, आणि त्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय, अशी कल्पना आहे. महाराष्ट्राने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, तीही १०० जणांच्या हिशेबाने. सहा जणांच्या घराचं काय? संस्था असेल तर तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते, हिशेब तपासले जातात. मात्र न्हाणीघराची फरशी निसरडी आहे का, हे त्या हिशेबात येत नाही. २०१९ साली लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. ज्येष्ठांच्या काळजीगृहांची सक्तीची नोंदणी आणि किमान मानकं, असं दोन्ही त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्यासोबत बारगळलं. म्हणून गावापुरती मानकं गावानेच का लिहू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी लागणारं ज्ञान कुणाच्या कुलपात नाही.

दारापासून सुरुवात करू. आपण चालतो तेव्हा पुढे जाणाऱ्या पायाचा अंगठा जमिनीपासून किती वर असतो? धडधाकट माणसाचासुद्धा, अगदी खालच्या क्षणी, एक ते दीड सेंटिमीटरच. आपण आयुष्यभर जमिनीला जवळजवळ घासत चालतो आणि मेंदू दर पावलाला हे अंतर राखतो. वय झालं, पाय ओढत चालायची सवय लागली, नजर मंदावली, की त्या सेंटिमीटरभराचा भरवसा राहत नाही. सुगम्य इमारतींच्या मापांत उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असं सांगितलेलं असतं. अंगठ्याची उंची आणि उंबऱ्याची मर्यादा इतकी जवळजवळ यावी, हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या जुन्या घरांतला लाकडी उंबरा तीन-चार इंचांचा असतो. त्याची पूजा करावी, त्यावर रांगोळी काढावी, पण जिथे आजी रात्री एकटीने ओलांडणार आहे तिथला उंबरा काढून टाकावा.

बाहेर ओटा असतोच. नदीकाठच्या गावात जोतं उंच ठेवण्याची रीत शहाणपणाचीच आहे. उताराचं माप एकास बारा: एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. दीड फुटी ओट्याला अठरा फूट. अंगण असेल तर सरळ, नसेल तर वळण घेऊन, पण हा हिशेब टाळता येत नाही. चार फळ्या टाकून केलेला खडा उतार पायरीपेक्षाही घातकी.

रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. तरुण काळजीवाहिकेला जी खोली मंद उजेडात स्पष्ट दिसते, ती आजोबांसाठी काळोखी असते. त्यात भर म्हणजे पलंगावरून झटकन उठलं की रक्त पायांकडे ओढलं जातं, रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तरुणपणी शरीर हा तोल क्षणात सावरतं, म्हातारपणी त्याला वेळ लागतो. उजेड कमी, रक्तदाब कमी आणि लघवीची घाई, असे तिन्ही एका मिनिटात एकत्र येतात. म्हणून पलंग ते संडास या वाटेवर पायाशी रात्रभर जळणारा छोटा दिवा, भिंतीला धरायला दांडी, कमोडशेजारी कठडा आणि उठण्याआधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसण्याची सवय, एवढं तरी मानकात यायलाच हवं. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही.

आंघोळीचं पाणी घ्या. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. तेच पाणी ४९ अंशांचं असेल तर भाजायला काही मिनिटं लागतात. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, त्यामुळे हा अवधी त्याहून कमी. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली असेल तर चटका बसला हेही कळत नाही. बंबातलं वाफाळतं पाणी बादलीत आधी ओतायचं आणि मग विसण घालायचं, ही घरोघरीची रीत. वृद्धांच्या घरात ती उलटी हवी: बादलीत गार पाणी आधी, कढत नंतर, आणि अंगावर घेण्याआधी सांभाळणाऱ्या बाईने आपलं कोपर बुडवून पाहायचं.

खानदेशातल्या मानकांत पुण्या-मुंबईपेक्षा एक गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी, ती म्हणजे ऊन. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. १९८४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही तरुण आणि काही निरोगी वृद्ध पुरुषांना २४ तास पाणी दिलं नाही. मग दोन्ही गटांपुढे पाणी ठेवलं. तरुण गटागटा प्यायले. वृद्धांच्या शरीरात पाण्याची तूट पडलेली होती, तरी त्यांना तहान कमी लागली आणि ते कमी प्यायले. म्हणजे वय झालं की तहानेची घंटाच हळू वाजते. ‘तहान लागली की मागतील’ हा भरवसा म्हणूनच धोक्याचा. २००३च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार माणसं दगावली, त्यांत वृद्धच बहुसंख्य. त्यानंतर त्या देशाने प्रत्येक वृद्धनिवासात निदान एक थंड खोली सक्तीची केली, जिथलं तापमान २५ अंशांवर जाऊ नये.

सारंगखेड्यात २५ अंश गाठायला वातानुकूलन यंत्र आणि न जाणारी वीज लागेल, तेव्हा तोच आकडा इथे लिहिण्यात अर्थ नाही. स्थानिक मानक म्हणतात ते यासाठीच. आपल्याकडे धाब्याची घरं होती. जाड मातीच्या भिंती, माळवदावर मातीचा थर. दुपारी बारा वाजता त्या घरांत शिरलं की फरक कातडीलाच कळायचा. पत्र्याच्या छताखाली वृद्धांना दुपारी ठेवायचं नाही, घरातली एक खोली जाड भिंतीची आणि सावलीची असावी, खिडकीला ओला वाळा किंवा कूलर असावा, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दर तासाला कुणीतरी हातात पाण्याचा पेला द्यावा, मागितला नाही तरी. असं मानक फ्रान्सच्या तोडीचं आहे आणि ते पाळता येतं.

तापीचा पूर हे दुसरं स्थानिक कलम. वर भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली सारंगखेडा बॅरेजपर्यंत सावधानतेचे इशारे येतात. घर नदीपासून कितीही दूर असो, कोण स्वतः चालू शकतं, कुणाला हात द्यावा लागतो आणि कुणाला उचलूनच न्यावं लागेल, ही यादी भिंतीवर हवी. आणि उचलणाऱ्या शेजाऱ्यांची नावंही.

जेवणाविषयी अमेरिकेतल्या सरकारी नियमांत एक ओळ आहे: संध्याकाळचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांहून जास्त अंतर नको. ही ओळ लिहिणाऱ्याने वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर नीट पाहिलेलं असणार. स्वयंपाकीण लवकर घरी जाते, म्हणून साडेसहालाच ताटं वाढली जातात, सकाळी नऊशिवाय पोहे होत नाहीत, आणि मधले साडेचौदा तास मधुमेहाच्या गोळ्या घेतलेलं शरीर उपाशी असतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या बाबतीत तर आपली समजूतच उलटी आहे. पातळ पाणी सोपं आणि घट्ट पदार्थ अवघड असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पातळ पदार्थ घशातून इतक्या वेगाने उतरतो की श्वासनलिकेचं झाकण वेळेवर बंद होत नाही आणि ठसका लागतो. दुधात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा घट्ट वरण अशा आजीला बहुधा जास्त सुरक्षित, आणि तेही तिला सरळ बसवून.

आता घोडेबाजार. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा नुसता उभा घोडा बघून पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे बघतो आणि शेवटी म्हणतो, चालवून दाखवा. चालीत सगळं उघड होतं हे त्याला ठाऊक असतं. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राने हेच अगदी अलीकडे आकड्यांत मांडलं. २०११ साली नऊ अभ्यासांतल्या, पासष्टीच्या पुढच्या सुमारे ३४ हजार माणसांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा दिसलं की नेहमीच्या चालीचा वेग माणसाच्या पुढच्या आयुष्याविषयी आश्चर्य वाटावं इतकं सांगतो. सेकंदाला ०.८ मीटर हा साधारण मधला आकडा. चार मीटर अंतराला पाच सेकंद. कारणही समजण्यासारखं आहे: चालायला हृदय, फुप्फुसं, स्नायू, सांधे, नजर, कानातला तोल आणि मेंदू हे सगळे एकाच वेळी लागतात. एकजण जरी मागे पडला तरी पावलं मंदावतात.

म्हणजे वृद्धांच्या घराला कसलंही यंत्र न आणता एक विलक्षण उपकरण मिळतं. व्हरांड्यात चार मीटरवर दोन खुणा, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही. दर महिन्याला प्रत्येकाची चाल मोजायची. ज्या आजोबांना पाच सेकंद लागायचे त्यांना अचानक आठ लागू लागले, तर काहीतरी बिनसलं आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. चाल टिकवण्यासाठी चालवायलाच हवं. एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तेव्हा पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झडलं. फक्त दहा दिवसांत. ‘पडतील, म्हणून उठू देत नाही’ असं प्रेमाने सांगणारी घरं नकळत काय करत असतात, ते यावरून कळावं. आजोबा गोठ्यापर्यंत जातात, आजी शेंगा निवडायला ओट्यावर येऊन बसते, हे मानकातच लिहिलेलं असावं.

हे सगळं करायला माणसं लागतात, आणि इथे गणित कठोर होतं. आठवड्याचे तास १६८. एक बाई आठवड्याला ४८ तास काम करते असं धरलं, तर रात्रंदिवस केवळ एक माणूस जागं ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, घरचं लग्न धरलं की चार. जपानचा नियम दिवसा तीन रहिवाशांमागे एक सांभाळणारा आणि रात्री प्रत्येक गटामागे निदान एक, असा आहे. सहा जणांच्या घराला हे पेलवणं अवघड, हे मान्य करायला हवं. तरी माझ्या मते एका बाबतीत तडजोड नको. रात्री घरात एक जबाबदार माणूस जागं असलंच पाहिजे. दिवसाची उणीव शेजार, नातेवाईक, गावातली शाळकरी मुलं थोडीफार भरून काढू शकतात. रात्रीची उणीव कुणी भरत नाही.

छोट्या घरातली रात्र किती जोखमीची, हे जपान फार मोठी किंमत देऊन शिकला. २००६च्या जानेवारीत नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे अशाच एका छोट्या घराला पहाटे आग लागली आणि सात जण गेले. त्यानंतर २७५ चौरस मीटरच्या पुढच्या घरांना छतातून पाणी फवारणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०१३ मध्ये नागासाकी शहरात पुन्हा तसंच घडलं, तेव्हा आकाराची ती सवलतही गेली. छोटं घर म्हणून सूट, हा विचार आगीला कळत नाही. आपल्याकडे फवारणी यंत्रणा लगेच येणार नाही, पण गॅसची टाकी निजायच्या खोलीपासून दूर, देवघरातला दिवा रात्री विझवलेला, आणि दाराला बाहेरून कधीही कुलूप नाही, हे आजच होऊ शकतं.

मला सर्वांत थोर वाटतो तो जपानचा आणखी एक नियम. २००६ सालापासून तिथली अशी छोटी घरं स्थानिक नगरपालिकेच्या अखत्यारीत आहेत. मंजुरी तीच देते, देखरेखही तीच करते. आणि प्रत्येक घराने साधारण दर दोन महिन्यांनी एक बैठक घ्यायची असते. तिला रहिवासी, त्यांचे नातेवाईक, गल्लीतले लोक आणि नगरपालिकेचा माणूस हजर. घर काय करतं ते त्यांनी ऐकायचं, विचारायचं, सुचवायचं, आणि बैठकीची नोंद सर्वांसाठी खुली ठेवायची. वर्षातून एकदा गाडीतून येऊन रजिस्टर बघून जाणाऱ्या तपासणीत जे कधी दिसणार नाही ते शेजाऱ्याला दिसतं: आजोबांचा सदरा तीन दिवस तोच आहे, आजी हल्ली बाहेर येत नाही, कुणीतरी रात्री ओरडतं. केरळमध्येही अंथरुणाला खिळलेल्यांची घरपोच सेवा पंचायतींनी आणि गल्लीतल्या स्वयंसेवकांनी उचलून धरली, ती याच बळावर.

आपल्या राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत समाजकल्याण आहे. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात आणि त्यांतली एक अनेक गावांत २ ऑक्टोबरला असते. त्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, जगभर ज्येष्ठ नागरिक दिन पाळतात. सारंगखेड्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींना माझी विनंती आहे: येत्या २ ऑक्टोबरला हा विषय पटलावर घ्या. एक पानभर मानकं लिहा: खोली, उंबरा, रात्रीचा दिवा, आंघोळीचं पाणी, दर तासाचा पेला, जेवणाच्या वेळा, महिन्याची चाल, रात्री जागं माणूस, पुराची यादी. दर दोन महिन्यांनी बसणारी पाच जणांची समिती नेमा आणि तिच्यात निदान दोघं सत्तरीच्या पुढचे असू द्या. आणि तोवर कुठल्याही घरात एखाद्या वृद्धाचे हाल होताना दिसले, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर फोन करा. तो फोन मोफत आहे.